नको वाटणाऱ्या दिवसाची डायरी

डिजिटल डायरी आखायला बसलं की हात आपोआप रकाने वाढवायला लागतो. मूड, झोप, पाणी, व्यायाम, स्क्रीनसमोरचे तास, कृतज्ञतेचे तीन मुद्दे, उद्याची कामं. आखणारा माणूस त्या घडीला उत्साहात असतो आणि आखतोही उत्साही माणसासाठीच. पहिले आठ-दहा दिवस झकास जातात. मग एक दिवस भांडण होतं, डोकं ठणकतं किंवा नुसतंच काही करू नये असं वाटतं, आणि त्या दिवसाची नोंद राहून जाते. नेमका तोच दिवस नोंदवायला हवा होता.

मूडच्या नोंदींचं खरं दुखणं हे आहे. सुटलेले दिवस पत्ते पिसल्यासारखे कुठेही विखुरलेले नसतात, त्यांच्या सुटण्याला कारण असतं आणि बहुतेकदा ते कारण म्हणजेच मूड. बऱ्याच जणांचे वाईट दिवस सुटतात. काही जण उलट, फक्त मन भरून आलं की लिहितात. दोन्हीकडे महिनाअखेरचा आलेख सुबक येतो आणि खोटा असतो. म्हणून रकाना कुठला ठेवायचा, ॲप कुठलं घ्यायचं, आठवण किती वाजता लावायची, या सगळ्याला कसोटी एकच लावावी: सगळ्यात वाईट दिवशी, अंथरुणावर पडल्यापडल्या, तीस सेकंदांत ही नोंद होईल का?

तीस सेकंदांत दोन आकडे आणि एक शब्द बसतो. तेवढाच सक्तीचा भाग. बाकी सगळं ऐच्छिक, आणि ऐच्छिक म्हणजे खरोखर ऐच्छिक, रिकामं ठेवल्यावर लाल चौकट दाखवणारं नव्हे.

दोन आकडे का? ‘मूड कसा आहे’ या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. जेम्स रसेल या मानसशास्त्रज्ञाने १९८० मध्ये भावनांची जी वर्तुळाकार मांडणी सुचवली तिचे अक्ष दोन आहेत: सुखद-दुःखद हा एक, आणि शरीर-मन किती जागं, चेतलेलं आहे हा दुसरा. डायरीत त्यांना ‘मन’ आणि ‘ऊर्जा’ म्हणावं. मन १ आणि ऊर्जा १ म्हणजे मरगळ, मन १ आणि ऊर्जा ५ म्हणजे तगमग. एकाच आकड्याच्या पट्टीवर हे दोन्ही दिवस ‘वाईट’ म्हणून शेजारी बसतात. खरं तर त्यांची कारणं वेगळी असतात, उपायही वेगळे असतात. मन ४ आणि ऊर्जा १ हा निवांत दिवस असतो, त्याला कमी गुण पडायचं काहीच कारण नाही. ऊर्जेचा ५ म्हणजे शाबासकी नाही, हे स्वतःला सुरुवातीलाच बजावून ठेवलेलं बरं.

पट्टी १ ते ५ ची पुरते. १ ते १० घेतली की ६ की ७ यावरच दहा सेकंद जातात आणि हाती काही लागत नाही. मात्र प्रत्येक आकड्याला शब्दांत खुंटी हवी, आणि ती खुंटी भावनेची नको, वागण्याची हवी. ‘खूप वाईट वाटलं’ याचा अर्थ दर महिन्याला सरकतो. ‘आंघोळीला उठणंही जड गेलं’ याचा सरकत नाही. मनाच्या पट्टीचा एक नमुना:

१ – दिवस ढकलला, रोजची साधी कामंही जड गेली
२ – मन खट्टू होतं, पण कामं उरकली
३ – ना इकडे ना तिकडे
४ – बरं वाटलं, निदान एका गोष्टीत मन रमलं
५ – महिन्यात दोन-तीनदाच येतो असा दिवस

शेवटची ओळ मुद्दाम कडक ठेवली आहे. ती सैल केली की सगळे आकडे ४ आणि ५ मध्ये गर्दी करतात आणि पट्टी निरुपयोगी होते. या खुंट्या फॉर्मवरच, आकड्याशेजारी लिहिलेल्या हव्यात. लक्षात ठेवायला गेलं की तीन महिन्यांनंतरचा ३ पहिल्या महिन्यातल्या ३ शी जुळत नाही.

आता शब्द. इथे मराठी आपल्याला फार उपयोगी पडते. हुरहुर, रुखरुख, धाकधूक, तगमग, चिडचिड, उबग, खंत हे सगळं ‘वाईट वाटतंय’ या एका पोत्यात कोंबायची गरज नाही. हुरहुरीचं कारण धड सांगता येत नाही, रुखरुखीचं सांगता येतं: काहीतरी करायचं राहिलेलं असतं. धाकधूक पुढे पाहते, खंत मागे. बारा शब्दांची यादी पक्की करावी, तिच्यातून रोज एकच निवडावा. सहा नकोसे, चार हवेसे (समाधान, उत्साह, निवांतपणा, आपुलकी) आणि दोन मधले, उदाहरणार्थ कंटाळा आणि आश्चर्य. यादी मोकळी सोडली की वर्षभरात साठ शब्द होतात आणि त्यातले निम्मे एकेकदाच आलेले असतात. यादीत नसलेला शब्द वारंवार हवासा वाटला, तर महिन्याच्या शेवटी एक काढून दुसरा घालावा.

साठवायचं कशात, यावर लोक आठवडेच्या आठवडे घालवतात. त्याला तेवढी किंमत नाही. तीन रस्ते आहेत. तयार मूड-ॲप: डेलिओसारख्या ॲपमध्ये पाच चेहऱ्यांपैकी एक निवडायचा आणि दिवसातल्या गोष्टींवर टिचक्या मारायच्या, त्यामुळे वेग सगळ्यात जास्त, फक्त पहिल्याच दिवशी माहिती बाहेर काढून पाहावी, सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी तक्त्याची फाइल) मिळाली आणि ती उघडली तरच पुढे जावं. दुसरा रस्ता गूगल फॉर्म आणि त्याला जोडलेली शीट: वेळेचा शिक्का आपोआप पडतो, फॉर्मची लिंक फोनच्या होम स्क्रीनवर ठेवता येते, हिशेब तिथेच होतो. तिसरा म्हणजे साध्या मजकुराच्या फाइली, रोजची एक, हव्या तर ऑब्सिडियनसारख्या संपादकात. दहा वर्षांनी ॲप राहील की नाही सांगता येत नाही, साधी मजकूर फाइल उघडेल. पण नको वाटणाऱ्या दिवशी नवी फाइल उघडून तिच्या डोक्यावर आकडे टाइप करणं होत नाही. म्हणून माझं मत सरळ आहे: आकडे फॉर्ममध्ये, मजकूर फाइलमध्ये, दोघांना जोडणारा दुवा तारीख. दोन्ही एकाच ठिकाणी हवं या हट्टापायी बऱ्याच चांगल्या डायऱ्या बंद पडतात.

शीटमध्ये एका नोंदीला एक ओळ आणि हे स्तंभ पुरतात: वेळशिक्का, दिवस, मन, ऊर्जा, शब्द, झोप, खुणा (चालणं, भांडण असल्या गोष्टींच्या टिचक्या), टीप, कधी भरली. शेवटच्या स्तंभाकडे पुढे येतोच.

तारीख आयएसओ ८६०१ या पद्धतीने लिहावी: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मध्ये आडव्या रेघा, म्हणजे २०२५-०३-०९. फायदा एवढाच आणि एवढा मोठा की नावानुसार लावलेल्या फाइली आपोआप काळानुसार लागतात. इथे अंक देवनागरीत छापले आहेत, पण फाइलच्या नावात आणि शीटमध्ये इंग्रजीत वापरतात तेच (0, 1, 2…) वापरावेत. देवनागरी अंकांना शीट बहुतेक वेळा आकडा न समजता मजकूर समजते, सरासरी निघत नाही किंवा ते आकडे वगळून निघते आणि चूक कुठे आहे ते पटकन दिसत नाही. दोन्ही अंक मिसळले तर फाइलींचा क्रमही बिघडतो.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी आणखी दोन खाचखळगे. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडली की कधी कधी देवनागरीच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसतात. माहिती बिघडलेली नसते. फाइल यूटीएफ-८ मध्ये (देवनागरीसकट सगळ्या लिप्या साठवायच्या पद्धतीत) आहे हे एक्सेलला कळलेलं नसतं. मजकूर आयात करण्याच्या मार्गाने उघडावी आणि तिथे यूटीएफ-८ निवडावं. त्या चिन्हांसकट फाइल जतन केली तर मात्र मूळ मजकूर खरोखरच जाऊ शकतो. दुसरा खळगा शोधण्याचा. ‘वाऱ्यावर’ मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: एक ऱ हे वेगळं अक्षर घेऊन, दुसरा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडचिन्हाचा वर्ण घेऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ते वेगळे असतात. फोनवर लिहिलेलं संगणकावर शोधून सापडत नाही तेव्हा पहिला संशय यावर घ्यावा. म्हणून खुणांचे शब्द टाइप करूच नयेत, यादीतून निवडावेत.

गूगल फॉर्ममधल्या पर्यायाचं नाव मध्येच बदललं तर शीटमधल्या जुन्या नोंदी जुन्याच नावाने राहतात. ‘चालणं’ चं ‘फिरणं’ केलं की हिशेबात दोन वेगळ्या गोष्टी तयार. बदल करायचाच तर शीटमध्ये शोधा-बदला वापरून जुन्या नोंदीही त्याच वेळी बदलाव्यात. ज्या दिवशी पट्टी, यादी किंवा आठवणीची वेळ बदलली तो दिवस ‘बदलनोंद’ नावाच्या वेगळ्या पानावर एका ओळीत टिपून ठेवावा. नाहीतर सहा महिन्यांनी आलेखात एक पायरी दिसते, आयुष्यात काहीतरी घडलं असं वाटतं, आणि घडलेलं असतं एवढंच की पट्टीची खुंटी बदलली होती.

दिवस कुठे संपतो? मध्यरात्री, असं घड्याळ म्हणतं. रात्री एक वाजता भरलेली नोंद मात्र मनात ‘आजची’ असते आणि वेळशिक्क्यात उद्याची. दिवसाची सीमा पहाटे ४ वाजता धरावी. शीटमध्ये वेळशिक्क्यातून चार तास, म्हणजे ४ भागिले २४, वजा करून ‘दिवस’ हा स्तंभ काढला की काम झालं. झोप नेहमी ज्या सकाळी उठलो त्या दिवसाच्या नावावर लिहावी आणि हा नियम कधीही बदलू नये. झोपेचा मूडवर परिणाम पाहताना एका दिवसाची चूक झाली तर निष्कर्ष उलटा होतो: वाईट दिवसामुळे झोप उडाली की झोप न झाल्याने दिवस वाईट गेला, हेच कळेनासं होतं.

रात्री एकदाच नोंद करण्यात आणखी एक गोम आहे. अनुभवाची आठवण त्याच्या सगळ्या क्षणांची सरासरी नसते; सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट यांचं वजन त्यात जास्त पडतं. डॅनिएल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं १९९० च्या दशकातलं हे काम प्रसिद्ध आहे. रात्री साडेदहाला दिलेला आकडा बऱ्याच अंशी साडेदहाचा असतो, दिवसाचा नव्हे. यावर रोज पाच वेळा नोंद करणं हा उपाय कागदावर उत्तम आणि प्रत्यक्षात आठवडाभरात कोसळणारा. मधला मार्ग असा: रोज रात्री एक नोंद, आणि वर्षातून दोनदा, प्रत्येकी दोन आठवडे, दिवसातून तीन वेळा ‘आत्ता या क्षणी’ची नोंद. त्या तीन वेळा आपण ठरवू नयेत, ९ ते ९ या बारा तासांचे चार-चार तासांचे तीन भाग करून प्रत्येकात एक यादृच्छिक वेळ काढावी. मग त्या तिन्हींची सरासरी रात्रीच्या आकड्याशी ताडून पाहावी. रात्रीचा आकडा सातत्याने कमी येत असेल तर आपण दिवसाला संध्याकाळच्या थकव्याची शिक्षा देत आहोत. तेवढं कळलं की पुरे, लगेच दुरुस्तीचं सूत्र लावायची गरज नाही.

आठवण एकच असावी आणि ती घड्याळापेक्षा एखाद्या ठरलेल्या कृतीला बांधलेली बरी: दात घासणं, फोन चार्जिंगला लावणं. सलग दिवसांची साखळी मोजणारी सोय असेल तर ती बंद करावी. साखळी चालू असेपर्यंत ओढ लावते, पण तुटते ती वाईट दिवशी, आणि तुटल्यावर परत यायची इच्छाही घेऊन जाते. शिवाय साखळी राखायला लोक झोपेत काहीही भरतात, आणि खोटी नोंद रिकाम्या जागेपेक्षा वाईट.

रिकाम्या जागेचे नियम आधीच ठरवून ठेवावेत. रिकामं म्हणजे रिकामं. तिथे शून्य घालू नये आणि मधला ३ तर मुळीच घालू नये. काल राहिलेली नोंद आज भरता येते, पण ‘कधी भरली’ मध्ये ‘नंतर’ लिहून. त्याहून जुन्या दिवसाला आकडा द्यायचा नाही, कारण तो आठवणीतून येत नाही, आजच्या मूडमधून येतो. त्याऐवजी आठवड्याच्या पाहणीत सुटलेल्या दिवसांपुढे फक्त कारण लिहावं: विसरलो, प्रवास, नको वाटलं. दोन-तीन महिन्यांनी या कारणांत ‘नको वाटलं’ किती वेळा आलं ते मोजलं, तर कधी कधी आलेखापेक्षा जास्त समजतं.

मजकुराबद्दल थोडक्यात. आकडे आधी, लिहिणं नंतर. हा क्रम मोडू नये. त्रासदायक गोष्टीबद्दल लिहून झाल्या झाल्या मन तात्पुरतं आणखी खाली जातं, तेव्हा दिलेला आकडा दिवसाचा नसतो, लिहिण्याचा असतो. रोजच्या टिपेला एकच प्रश्न ठेवावा: ‘काल नव्हतं असं आज काय होतं?’ ‘आज कसं वाटलं?’ या प्रश्नाला उत्तरं चार दिवसांत पुनरावृत्त होतात, वरच्या प्रश्नाला होत नाहीत, कारण तो घटना मागतो. दोन-तीन वाक्यं खूप झाली. खोल, जुन्या जखमेबद्दल लिहायचं असेल तर ते वेगळ्या फाइलीत. जेम्स पेनेबेकर यांच्या १९८० च्या दशकातल्या प्रयोगांपासून चालत आलेली पद्धत साधारण १५ ते २० मिनिटांची, सलग तीन-चार दिवसांची आहे आणि तिथे ती थांबते. तीच गोष्ट महिनोन्‌महिने रोज उगाळत बसणं म्हणजे ती पद्धत नव्हे.

खुणा, म्हणजे चालणं, भांडण, एकटं असणं, उशिराचं काम असल्या टिचक्या, सुरुवातीला आठच ठेवाव्यात. वीस खुणा ठेवल्या आणि प्रत्येकीचा मूडशी संबंध तपासला, तर काहीही संबंध नसताना नेहमीच्या पाच टक्क्यांच्या निकषावर (नुसत्या योगायोगाने तेवढा फरक दिसायची शक्यता पाच टक्क्यांहून कमी असली की संबंध खरा मानायचा) सरासरी एखादी खूण ‘परिणामकारक’ निघतेच. मग माणूस त्या एका योगायोगावर दिनक्रम बदलतो.

पाहणी आठवड्यातून एकदा, पंधरा मिनिटं. रोज आलेख उघडायचा नाही, नाहीतर आकडा देतानाच कालच्या रेषेकडे डोळा जातो. सात दिवसांची सरासरी न घेता मध्यक (आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घ्यावा, म्हणजे एका भयंकर दिवसाने आठवडा खाली ओढला जात नाही. सातपैकी निदान चार नोंदी नसतील तर त्या आठवड्याचा मध्यक काढूच नये. आलेखात ठिपके ठेवावेत आणि तुटलेल्या जागी रेषा जोडू देऊ नये. शीटच्या आलेख-रचनेत रिकाम्या जागांचं काय करायचं हा पर्याय असतो, तो एकदा तपासावा.

खुणेचा परिणाम पाहायचा तर खूण असलेले निदान दहा दिवस आणि नसलेले निदान दहा दिवस हवेत. दोन्हींच्या मध्यकांत एक पूर्ण पायरीचा फरक नसेल तर विषय सोडून द्यावा. फरक असला तरी दिशा कळत नाही. चालल्यामुळे बरं वाटलं, की बरं वाटत होतं म्हणून चालायला बाहेर पडलो? सुट्टीच्या दिवशी चालणं जास्त आणि काम कमी, मग श्रेय कुणाचं? हे सोडवायचा प्रामाणिक मार्ग नाणेफेक आहे. वीस दिवस रोज सकाळी नाणं उडवायचं. छापा आला तर वीस मिनिटं चालायचं, काटा आला तर नाही. तुलना करताना प्रत्यक्षात चाललो का हे बघायचं नाही, नाणं काय म्हणालं तेच बघायचं. हा नियम खटकतो, पण नको वाटलं म्हणून चालणं टाळलेले दिवस ‘न चालण्याच्या’ गटात शिरले की पुन्हा तोच जुना घोळ. औषधांवर किंवा डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या कशावरही नाणेफेक करायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

गोपनीयतेचा विचार करताना लोकांच्या डोळ्यांपुढे हॅकर येतो. डायरी वाचण्याची जास्त शक्यता घरातल्या, खोलीतल्या, शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाची. तेव्हा आधी लॉक स्क्रीनवर दिसणाऱ्या सूचनेतला मजकूर लपवावा, घरात सगळे वापरतात त्या टॅबवरून आपलं खातं काढावं, शीट ‘लिंक असलेल्या कुणालाही’ उघडी नाही ना ते बघावं. ॲपचं पिन-कुलूप आणि एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात मजकूर साठवणं) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: पिनमुळे दार बंद दिसतं, फाइल मात्र आत साध्या मजकुरातच असू शकते. मजकुराच्या फाइली क्लाउडवर जाणार असतील तर क्रिप्टोमेटरसारख्या साधनाने आधीच कुलूपबंद कराव्यात. त्याचा पासवर्ड हरवला आणि रिकव्हरी कीही जपून ठेवलेली नसेल तर डायरी गेली, तो परत मिळवून देणारं कुणी नाही. म्हणून कागदावर लिहून सुरक्षित जागी ठेवावा. आणि सत्य लिहिणं ज्यामुळे अडतं असं एखादं नाव असेल तर त्याला एक अक्षर द्यावं, सगळ्या फाइली कुलूपबंद करण्यापेक्षा हा उपाय कधी कधी जास्त चालतो.

प्रतींसाठी जुनाच नियम: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. सिंक म्हणजे प्रत नव्हे. फोनवर चुकून पुसलेलं संगणकावरूनही इमाने इतबारे पुसलं जातं. महिन्याच्या पहिल्या तारखेला शीटची सीएसव्ही उतरवून नावात तारीख घालून ठेवावी आणि वर्षातून एकदा ती प्रत खरोखर उघडून पाहावी. एकच फाइल दोन उपकरणांवर एकाच वेळी उघडी राहिली की सिंक तिची ‘संघर्ष’ अशा अर्थाच्या नावाची जुळी प्रत बनवतं. ती पुसण्याआधी दोन्ही वाचाव्यात. हमखास त्यातल्या एकीतच आजचा परिच्छेद असतो.

मोजण्यानेच मन सारखं स्वतःला चाचपडायला लागलं, जरा बरं वाटलं की ‘हा ४ की ५’ असं डोक्यात यायला लागलं, तर दोन आठवडे आकडे बंद करून फक्त घटनेची एक ओळ लिहावी. आणि आकडे दोन आठवडे बहुतेक दिवस १-२ वरच असतील, किंवा जगणं नकोसं वाटण्याचा विचार एकदाही आला असेल, तर पुढची पायरी डायरीची नाही, डॉक्टरांची. तो विचार आला असेल तर पाहणीच्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी. जाताना साठ नोंदी नेऊ नयेत, त्या वाचायला तिथे वेळ नसतो. एकच पान न्यावं: गेल्या आठ आठवड्यांचे मन आणि ऊर्जा यांचे मध्यक, झोपेचे तास, सगळ्यात जास्त वेळा आलेले तीन शब्द, सुटलेल्या दिवसांची संख्या, आणि खाली आपल्या पट्टीच्या पाच ओळी, म्हणजे समोरच्याला आपला २ म्हणजे काय ते कळेल.